ऊती शिकताना या चुका टाळा, अर्धा घोळ तर नुसत्या शब्दांचा आहे

नववीच्या पोरांची ऊतींवरची (ऊती म्हणजे टिश्यू, मिळून एकच काम करणाऱ्या पेशींचा गट) टेस्ट तपासत होतो, एकाने लिहिलेलं, "स्नायू दोन हाडांना एकमेकांशी जोडतात." काट मारली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, हे कुठून आणलंस रे? तर म्हणे सर यूट्यूबवर होतं. बघितला व्हिडिओ, आणि गंमत म्हणजे तो बरोबरच होता, फक्त हिंदी होता! हिंदीत स्नायु म्हणजे लिगामेंट, आपल्याकडे स्नायू म्हणजे मसल. त्याहून मोठा घोळ पेशीचा. मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत पेशी म्हणजे मसल, सेलला ते कोशिका म्हणतात. त्यामुळे "पेशीय ऊतक" (म्हणजे मसल टिश्यू) ऐकून पोरगं वहीत "पेशींची ऊती" लिहितं आणि त्याला कळतही नाही की काय चुकलं. हिंदी व्हिडिओ बघा, बिनधास्त बघा, पण हे दोन शब्द आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता हिंदीला तरी किती नावं ठेवायची, आपली 'नस' काय कमी आहे का. कंबरेत नस दबली म्हणतो तेव्हा ती चेता, म्हणजे नर्व्ह असते, सलाईन लावताना नस सापडत नाही ती रक्तवाहिनी, रात्री पोटरीत नस चढते तो आखडलेला स्नायू आणि मूठ आवळून मनगट जरा आत वाकवलं की कातडीखाली जी दोरी ताणलेली दिसते ती स्नायुरज्जू, म्हणजे टेंडन. एकच शब्द, चार वेगळ्या गोष्टी. पेपरात नस लिहूच नका.

टेंडन आणि लिगामेंटची अदलाबदल तर दरवर्षी ठरलेली. स्नायूला हाडाशी बांधतो तो स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा अस्थिबंधच ताणला जातो. पाठ होत नसेल तर घरी मटण आणलं की मांडीचा तुकडा नीट बघा (शाकाहारी मंडळींनी हा भाग सोडून द्या). मांसाच्या टोकाला निमुळती होत हाडाला चिकटलेली पांढरी चकचकीत दोरी म्हणजे स्नायुरज्जू, सांध्यावरचं गुळगुळीत निळसर पांढरं आवरण म्हणजे कास्थी (कार्टिलेज), पिवळट चरबी आहेच, आणि नळीही फोडून बघा, आतला मगज म्हणजे अस्थिमज्जा, रक्तपेशी तयार होतात त्या तिथे. मांस सोडलं तर हे सगळं संयोजी ऊतीच्या, म्हणजे जोडणाऱ्या आणि आधार देणाऱ्या ऊतीच्या खात्यात जातं.

आणि रक्तही त्याच खात्यात. "रक्त पातळ आहे मग ऊती कशी?" हा प्रश्न दरवर्षी येतो. संयोजी ऊतीत पेशी सुट्या सुट्या असतात आणि मधे आधारक (मॅट्रिक्स, पेशींमधला भराव) भरलेलं असतं, हाडात ते कॅल्शियमच्या क्षारांमुळे कडक आणि रक्तात पातळ प्लाझ्मा, जो रक्ताचा साधारण 55 टक्के भाग असतो. एवढाच फरक.

अभिस्तर ऊतीत, म्हणजे शरीराला आणि अवयवांना अस्तर देणाऱ्या ऊतीत बरोबर उलटं, पेशी एकमेकींना खेटून आणि रक्तवाहिन्या नाहीतच. कांदा चिरताना बोटाचं अगदी वरचं साल निघतं पण रक्त येत नाही ना, ते यामुळे. पण म्हणून "त्वचा म्हणजे अभिस्तर ऊती" असं लिहू नका. वरचा थर अभिस्तर, खाली संयोजी, आत चेतांची टोकं, केस उभे करणारे बारीक स्नायू, म्हणजे त्वचा हा अख्खा अवयव झाला.

स्नायूंमध्ये पोरं फसतात ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पट्ट्यांवरून. पट्टे असले की ऐच्छिक, नसले की अनैच्छिक, असं सरळ गणित मांडतात आणि हृदयापाशी आपटतात. हृदस्नायूला पट्टे असतात, तरी तो आपलं ऐकत नाही, शिवाय त्याच्या पेशींना फाटे असतात. श्वासपटलाचं (छाती आणि पोटामधला पडदा, डायफ्रॅम) उलटं, झोपेतही चालू असतं म्हणून पोरं त्याला अनैच्छिक लिहून मोकळी होतात, पण ते कंकाल, म्हणजे हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूंपैकीच आहे, हवं तेव्हा श्वास रोखता येतो की.

चेता ऊतीत फार गडबड होत नाही, फक्त पेशी लहानच असते हे डोक्यातून काढा. मणक्यातल्या पेशीचा तंतू पायापर्यंत जातो, जवळजवळ 1 मीटर.

शेवटचं प्रॅक्टिकलचं. गालाच्या आतून टूथपिकच्या बोथट बाजूने खरवडून स्लाईड केली की निम्मी पोरं जाड काळ्या कडेचं, कंपासने काढल्यासारखं गोल वहीत काढतात आणि त्याला पेशी नाव देतात. तो हवेचा बुडबुडा असतो बाबांनो! कव्हरस्लिप धप्पकन सोडू नका, एक कड टेकवून तिरकी हळूहळू खाली आणा. मिथिलीन ब्लूचा एकच थेंब, जास्तीचा टिपकागदाने शोषून घ्या, नाहीतर सगळं निळंशार. खरी पेशी वेडीवाकडी, फिकट, कधी कड दुमडलेली आणि मधे गडद निळा ठिपका. ती सापडली की मगच पेन्सिल हातात घ्या.