म्युझियममधली 'मातृदेवता' कशी बघायची

मोठं पोट, मोठे स्तन असलेली कुठलीही जुनी मूर्ती असली की खाली पाटी ठरलेली, मातृदेवता. लोक पाटी वाचतात, फोटो काढतात आणि पुढे. तुम्ही आधी ती सापडली कुठे आणि कशासोबत ते शोधा, निम्मं उत्तर तिथेच असतं.

पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजच्या म्युझियमपासून सुरुवात करा, वेळ आधी फोन करून विचारा. शिरूरजवळच्या इनामगावचं उत्खनन त्यांचंच, तिथे एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची डबी मिळाली, सोबत बिनडोक्याची बाई आणि एक बैल, सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलंच नाही. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक, मध्ये काडी घातली की बाई बैलावर बसते! आता एवढं नीट डबीसकट कोण खेळणं पुरून ठेवेल, म्हणजे पूजेचं असावं असं म्हणायला जागा आहे.

मग काळ बघा. ऑस्ट्रियातली विलेनडॉर्फची मूर्ती 1908 साली सापडली, जेमतेम 11 सेंमी, चेहरा नाही, अंगावर गेरूचे अंश. ती 25 हजार वर्षांहून जुनी, तेव्हा शेतीच नव्हती, त्यामुळे पिकापाण्याची देवी वगैरे म्हणू नका प्लीज. तुर्कस्तानात चाताल्होयुकला 1961 मध्ये मिळालेली बाई मात्र दोन बिबट्यांसारख्या प्राण्यांच्या मध्ये बसलीये आणि सापडली ती धान्याच्या कणगीत, तिथे पिकाचा विषय काढा की. फक्त तिच्या चेहऱ्यावर भाष्य नको, डोकं नंतर बसवलेलं आहे.

नंतर पोझ. डोक्याच्या जागी कमळ, गुडघे दोन्हीकडे फाकलेले, पायांचे तळवे वर, म्हणजे लज्जागौरी. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशा छोट्या मूर्ती मिळाल्यात, बदामीच्या म्युझियममध्ये एक मोठी आहे. हडप्पाच्या एका मुद्रेवर तर उलट्या बाईच्या पोटातून रोपच उगवलंय, नवरात्रात घटाखाली धान्य पेरणाऱ्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि देवी सुंदरच असेल असं धरू नका. इजिप्तची तावेरेत म्हणजे गरोदर पाणघोडा, पाय सिंहाचे, पाठ मगरीची. बाळंतिणीजवळ वाईट फिरकू नये म्हणून हे रूप, आपल्या सटवाईलाही लोक भितातच ना. तावेरेतची बारकी मूर्ती दिसली तर दोरा ओवायचं भोक आहे का बघा, तिचे ताईत लोक अंगावर घालायचे.