सोनचाफा लावण्याआधी माती ओळखा

सोनचाफ्याला दोन गोष्टी मुळीच सोसत नाहीत: मुळाशी साचलेलं पाणी आणि मातीतला चुना. कृष्णाकाठच्या काळ्या रानात नेमक्या याच दोन्ही गोष्टी असतात. त्यामुळे सांगली, मिरज, वाळवा भागातल्या अंगणांत रोप दोन वर्षं तग धरतं, मग पिवळं पडत जातं आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या तांबड्या मातीत तोच चाफा फारशी निगा न घेताही वाढतो.

सोनचाफा हा मॅग्नोलियाच. शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. जुन्या पुस्तकांत तो मिचेलिया म्हणून सापडेल. कवठी चाफाही याच कुळातला. खुरचाफा, नागचाफा आणि हिरवा चाफा मात्र नावापुरतेच चाफे, त्यांची कुळं वेगळी आणि निगाही वेगळी. बिनपानांच्या फांद्यांवर गुलाबी फुलं येणाऱ्या परदेशी मॅग्नोलियाचे फोटो पाहून रोप मागवू नका. त्याला फुलायला कडक हिवाळा लागतो आणि तो इथे पडत नाही.

आता मातीची परीक्षा. वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना आहे. मग एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेचं पाणी चार-पाच तासांनीही तसंच राहिलं तर तिथे खड्ड्यात लागवड करू नका. काळ्या मातीत खोदलेला खड्डा म्हणजे हौदच. त्यात कितीही चांगली माती भरली तरी पावसाळ्यात बाजूचं पाणी आत झिरपतं आणि मुळं कुजतात.

अशा जागी वरंबा करावा: दीड फूट उंच, निदान चार फूट रुंद. त्यासाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू. विकत आणलेल्या मातीवरही लिंबू पिळून पाहा. तांबडी दिसणारी प्रत्येक माती बिनचुन्याची नसते. निचऱ्याच्या जमिनीत मात्र २ × २ × २ फुटांचा खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून दोन-तीन आठवडे तापू द्या. भरताना दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. चुलीतली राख टाकू नका, ती चुन्याचंच काम करते. नव्या भिंतीच्या किंवा गिलाव्याच्या कडेची जागाही याच कारणाने टाळा. घरापासून १२ ते १५ फूट अंतर हवं.

रोप कलमीच घ्या. बियांपासूनच्या झाडाला फुलं यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं. लागवड जून-जुलैत, पाऊस नीट लागल्यावर. चाफ्याची मुळं मांसल असतात, मोडली की लवकर भरून येत नाहीत. म्हणून पिशवी ब्लेडने उभी कापा आणि मातीची हुंडी न फोडता रोप ठेवा. कलमाचा जोड जमिनीच्या वर तीन बोटं राहायला हवा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडवा, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाखालून येणारी फूट दिसताच मोडा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रोपाची असते, जोमाने वाढते आणि वरचं कलम मारून टाकते.

आच्छादनासाठी आपल्याकडे उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं. चार-पाच इंचांचा थर द्या, पण खोडाला चिकटू देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड ८ ते १० लिटर पाणी आणि दुपारच्या उन्हापुरती शेडनेट. माण, खटाव, जत, आटपाडीत तर ती हवीच. काळ्या मातीत आधी बोट खुपसून पाहा. माती दोन इंचांखाली ओली असेल तर पाणी देऊ नका. पानांच्या कडा करपत असतील तर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा संशय घ्या आणि पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तेही शेंड्याच्या कोवळ्या पानांत, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकलं तर तेही तसंच अडकतं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. जास्त टिकणाऱ्या उपायासाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं, लोह मुळाशी द्या. द्राक्षबागांमुळे तासगाव-मिरजेकडच्या कृषी सेवा केंद्रांत ते मिळतं. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट बरं, कारण ते माती थोडी आम्ल करतं. पहिल्या वर्षी जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत ५०-५० ग्रॅम, खोडापासून फूटभर लांब.

माती ओली असूनही पानं मलूल झाली तर मुळं कुजू लागली आहेत. अशा वेळी पाणी वाढवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पाणी बंद करा, आळं मोडा आणि चर काढून पाण्याला वाट द्या. पानांवर काळी काजळी आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर पानं उलटून पाहा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असेल. लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून दोन्ही बाजूंनी फवारा.

फुलं नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येतात. म्हणून बहर ओसरल्यावर शेंडे हलके छाटले की फांद्याही वाढतात आणि फुलंही. फळांचे घोस धरू देऊ नका, झाडाची ताकद त्यांतच जाते. फुलं पहाटे, पाकळ्या अर्ध्या उघडल्या असताना देठासकट खुडावीत.