सशाला आंघोळ घालताय? या चुका टाळा

ससा पाण्याने धुवायचा प्राणीच नाही. तो दिवसभर चाटून स्वतःला स्वच्छ ठेवतो. टबात बुडवलं की घाबरून मागच्या पायांनी झटका मारतो आणि त्या झटक्यात पाठीचा कणाही मोडू शकतो. शिवाय दाट केस मुळापर्यंत वाळायला तासन्‌तास लागतात. तोवर अंग गार पडतं. ३८ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

मग शेपटीखाली घाण चिकटली तर? तेवढाच भाग धुवायचा. पसरट टोपात तळाला टॉवेल अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. त्यात दोन-तीन सेंटिमीटर कोमट पाणी घ्या आणि मागचा भागच बुडवून घाण बोटांनी सोडवा. शाम्पू नको. उताणं धरू नका. ससा निपचित पडतो तो भीतीने, आवडतं म्हणून नाही. नंतर टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं करा. ड्रायर वापरायचाच तर मंद, कोमट आणि लांबून. सुकी घाण असेल तर पाणीही नको: कॉर्नफ्लोअर चोळा, बारीक कंगव्याने काढा. टाल्कम पावडर श्वासात जाते, ती टाळा. केसांच्या गुठळ्या भिजवल्या तर अधिकच आवळतात. कात्रीही लावू नका, कातडी फार पातळ असते.

पण पुन्हा पुन्हा धुवावं लागत असेल, तर चूक बहुधा खाण्यात आहे. ससा रात्री मऊ, घोसासारख्या लेंड्या टाकतो आणि त्या स्वतःच खातो. पेलेट (गोळीसारखं तयार खाद्य), गाजर, फळं जास्त झाली की त्या पातळ होऊन केसांना चिकटतात. सुकं गवत सतत समोर हवं, पेलेट अगदी मोजके. लठ्ठ किंवा सांधे दुखणाऱ्या सशाचं तोंड शेपटीखाली पोचतच नाही. मागचा भाग सतत मुताने ओला राहत असेल, तर मूत्रमार्गाची तपासणी करून घ्या.

पावसाळ्यात शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा बघा. ओल्या घाणीवर माशी अंडी घालते आणि २४ तासांच्या आत अळ्या होऊन मांस खाऊ लागतात. अळी दिसली की धुवत बसू नका, थेट दवाखाना.

पाठीवर कोंडा दिसला तर तो बहुधा किडींचा. आंघोळीने जात नाही, औषध लागतं. घरातल्या कुत्र्याचं पिसवा मारायचं फिप्रोनिलचं औषध मात्र सशाला कधीही लावू नका, जीव जाऊ शकतो.