मुंग्यांचा दुहेरी पूल: वर्गात या चुका टाळा

आठवी-नववीच्या मुलांना प्राण्यांचं वर्तन शिकवायला मुंग्यांच्या दुहेरी पुलाइतका स्वस्त आणि मजेदार प्रकल्प शोधून सापडणार नाही. पाण्याने भरलेल्या परातीत पालथी वाटी, वाटीवर साखरेचा पाक आणि जमिनीवरून तिथवर जाणारा पुठ्ठ्याचा पूल. मध्येच पुलाला दोन फाटे, एक आखूड आणि एक त्याच्या दुप्पट लांब. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनी मुंग्यांवर केलेला असाच प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. आखूड वाटेच्या मुंग्या लवकर परततात, त्यांनी चालताना सोडलेला वास तिथे आधी साचतो आणि मागच्या मुंग्या तिकडे वळतात.

बहुतेक वेळा फसतो तो पूल, मुंग्या नव्हे. एक फाटा सरळ आणि दुसरा काटकोनात वळलेला असेल, तर मुंग्या नाकासमोर चालत राहतात आणि मुलं लिहितात, 'जवळची वाट निवडली'. दोन्ही फाटे सारख्याच कोनात फुटायला हवेत. सेलोटेपची चिकट कड वर आली, तर तिथेच दोन-चार मुंग्या अडकून रांग मोडते.

मुंग्या इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून कुणीतरी हौसेने मुंग्या मारायच्या खडूने रेघ ओढतं. ते औषधच आहे. असा प्रयोग तिथेच थांबवा. अडवायला परातीतलं पाणी पुरे.

मोठे काळे मुंगळे घेऊ नका. ते बरेचदा एकेकटे हिंडतात. मुळात रांग करून चालणाऱ्या बारीक मुंग्याच हव्यात.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे लांब फाटा आधी जोडून आखूड नंतर लावणं. लांब वाटेवर वास मुरला की मुंग्या तीच धरून बसतात. मुलं हिरमुसतात, पण हा निकाल फेकू नका, ब्रुसेल्सलाही हेच दिसलं होतं. वहीत 'मुंग्या चुकल्या' असं मात्र लिहू देऊ नका. दर मिनिटाला कुठल्या फाट्यावरून किती गेल्या, एवढंच लिहायला लावा. पुढच्या फेरीला नवा पुठ्ठा घ्या आणि आखूड फाटा डावीकडून उजवीकडे न्या. जुन्या पुठ्ठ्यावर मागच्या फेरीचा वास असतो.

आणि पुलावर वाकून फुंकर मारणाऱ्यांना आधीच दोन हात लांब बसवा.