कॉट आणायला जाताना मोजपट्टी सोबत घ्या

बाळाची कॉट म्हटलं की डोळे आधी रंगाकडे आणि नक्षीकडे जातात. या दोन्ही गोष्टी यादीत सगळ्यात शेवटी. सुरुवात घरातूनच करा: कॉट कुठे ठेवायची ती जागा मोजा आणि दाराची रुंदीही मोजा. पहिले निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तेव्हा आपल्या पलंगाशेजारी कॉट मावते का ते बघा. खिडकी, पडद्याच्या दोऱ्या आणि विजेच्या वायरी तिथून हाताच्या अंतरावर नकोत, चांगल्या लांब हव्यात.

दुकानात गेल्यावर पहिलं मोजायचं ते दोन गजांमधलं अंतर. ते ६ सेंटीमीटरच्या आसपासच हवं, जास्त नको. बाळ पायांकडून सरकत जातं, धड गजांमधून निसटतं आणि डोकं मात्र अडकतं. धोका हा आहे. मोजपट्टी विसरलात तर थंड पेयाचा नेहमीच्या जाडीचा कॅन लावून बघा. तो आरपार गेला तर ती कॉट तिथेच सोडा. एखादा गज सैल आहे का, तडकलाय का, तेही हात फिरवून बघा. कोपऱ्याचे खांब कडेच्या वर आलेले नकोत, कारण झबल्याची नाडी किंवा गळपट्टी त्यात गुंतते. डोक्याकडच्या फळीत कोरलेली भोकं कितीही सुंदर दिसली तरी नकोच.

एक बाजू खाली सरकणारी कॉट उचलायला-ठेवायला सोयीची वाटते. पण तिची कडी झिजली की ती बाजू निखळते आणि मधल्या फटीत बाळ अडकतं. अमेरिकेत २०११ पासून अशा कॉट विकायला बंदी आहे. चारही बाजू पक्क्या असलेलीच घ्या. वाकताना कंबर थोडी दुखेल, दुखू द्या.

गादीपाशी मात्र घाई करू नका. आपल्याला जी मऊ, छान वाटते ती बाळासाठी चुकीची. तळहाताने दाबा, हात काढताच ती पूर्ववत सपाट व्हायला हवी. मऊ गादीत चेहरा रुततो, बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं आणि मान वळवायची ताकद अजून आलेली नसते. गादी आणि कॉटची कड यांच्यात दोन बोटं सहज जात असतील तर ती गादी लहान पडते. कमी पडतंय म्हणून वर दुसरी गादी टाकायची नाही. प्लॅस्टिकचं वेष्टन काढून टाका आणि वर घट्ट बसणारी एकच चादर घाला.

आता काय आणायचं नाही ते. उशी, पांघरूण, मऊ खेळणी, कडेने बांधायच्या गाद्या यातलं काहीच नको. त्या कडेच्या गाद्यांवर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदी आली, तरी सजवलेल्या कॉटच्या फोटोंमध्ये त्या अजून दिसतातच. रिकामी कॉट बघून पाहुणे नाक मुरडतील. मुरडू द्या. बाळाला त्या रिकाम्या, सपाट जागेवर पाठीवर झोपवायचं, दुपारच्या डुलकीलासुद्धा.

ओळखीतून जुनी कॉट मिळत असेल तर मी दोनदा विचार करेन. कपडे बिनधास्त घ्यावेत, कॉट नाही. सगळे मूळ स्क्रू आणि जोडणीची पुस्तिका सोबत नसेल, कुठे दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधलेलं असेल, तर नको म्हणा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि दात येताना बाळ वरची दांडी हमखास चावतं.

कॉट बाळंतपणाच्या तारखेच्या महिनाभर आधी जोडून ठेवा, हलवून बघा, स्क्रू पुन्हा आवळा. तळाची फळी सुरुवातीला वरच्या खाचेत चालते. बाळ बसायला लागलं की ती खाली घ्या आणि उभं राहायच्या आत सगळ्यात खाली. वर टांगलेलं खेळणं बाळ हातांवर रेलून उठायला लागलं की काढा. उभ्या बाळाच्या छातीशी कड आली, किंवा उंची ८९ सेंटीमीटरच्या आसपास गेली, की कॉट आवरून ठेवायची. तेव्हा सगळे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी कॉटलाच बांधा.