पीएलसीचा पॅनल उघडलाय, आता कशाला काय म्हणायचं?

मेंटेनन्सला नवीन आलेली पोरं फोनवर एवढंच सांगतात, "सर, पीएलसी गेला". पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. अरे पण नक्की काय गेलं, सप्लाय, सीपीयू (प्रोग्राम चालवतो तो), कार्ड (सिग्नल आत-बाहेर नेणारं मॉड्यूल) की नुसती वायर? नावं नीट माहिती असली ना, की निम्मा फॉल्ट फोनवरच सापडतो. मी सीमेन्सचा एस७-३०० धरून सांगतो, जुन्या मशीनवर अजून तो भरपूर दिसतो.

डावीकडून बघत चला. सगळं ज्या रेलवर बसलंय ती रॅक, आणि एकेकाची जागा म्हणजे स्लॉट. १ ला पॉवर सप्लाय, तो २३० व्होल्ट एसीचे २४ व्होल्ट डीसी करतो. २ ला सीपीयू. ३ नंबर इंटरफेस मॉड्यूलचा, दुसरी रॅक जोडायची असेल तरच ते लागतं, पण नसलं तरी सीपीयूला चिकटून बसलेल्या कार्डाला स्लॉट ४ च म्हणायचं, इथे भलेभले चुकतात. ४ ते ११ अशी आठ कार्डं. त्यांच्या पाठीमागे यू आकाराचा छोटा बस कनेक्टर असतो, सीपीयूचं कार्डांशी बोलणं सगळं त्यातून.

सीपीयूवर लाइट असतात: रन हिरवा, स्टॉप पिवळा, एसएफ (म्हणजे फॉल्ट) लाल. खाली मेमरी कार्ड असतं, ते सप्लाय चालू असताना अजिबात ओढू नका, प्रोग्राम जाऊ शकतो.

कार्डाचं पुढचं दार उघडलं की फ्रंट कनेक्टर, २० किंवा ४० पिनचा. वायरी याला असतात, कार्डाला नाही, म्हणून सप्लाय बंद करून कार्ड बदललं तरी एक वायर सोडावी लागत नाही. परवा एक सिलिंडर पुढे जाईना, प्रॉक्सीचा (जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरचा) लाइट लागतोय पण इनपुट कार्डवर ०.३ चा, म्हणजे त्याच प्रॉक्सीच्या इनपुटचा, एलईडी बंदच. म्हणजे गडबड मधेच कुठेतरी. फ्रंट कनेक्टरचा ५ नंबरचा स्क्रू, जिथे ०.३ ची वायर येते, तोच ढिला होता, बस.

अॅनालॉग कार्ड (नुसतं चालू-बंद नाही, कमी-जास्त होणारा सिग्नल वाचणारं) ४-२० मिलिअँपिअर किंवा ०-१० व्होल्ट वाचतं. बऱ्याच ३३१ (अॅनालॉग इनपुट) कार्डांच्या कडेला एक छोटा चौकोनी ठोकळा असतो, कुठला सिग्नल वाचायचा ते त्याने ठरतं, त्याच्यावर ए बी सी डी, व्होल्टेजला बी, टू-वायर ट्रान्समीटरला (सप्लाय आणि सिग्नल त्याच दोन वायरींवर असतो त्याला) डी. नवीन कार्ड बी वरच येतं, त्यामुळे जुनं काढायच्या आधी त्याचं अक्षर बघून मार्करने लिहून ठेवा.