बिअर पिकतेय की बिघडतेय? चव घेताना या चुका टाळा

घरी बिअर बनवणाऱ्या नवशिक्याच्या बिअरची वाट बहुतेक वेळा चव घेण्याच्या नादात लागते. (परवान्याशिवाय मद्य बनवायला महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. ते ज्याचं त्याने पाहावं, मी इथे चवीपुरतंच बोलतो.)

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे काढलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या बादलीत, ओतणं. हायड्रोमीटरच्या (घनता मोजून साखर किती उरलीय ते सांगणारं उपकरण) नळीत शंभर-दीडशे मिली जातं आणि पुणेकराचा जीव तेवढ्यात अडकतो. "वाया कशाला घालवायचं?" म्हणून नळी थेट बादलीत उलटी! नळीला हात लागलेले, कोणीतरी तोंडही लावलेलं, शिवाय वरून ओतताना हवा मिसळते ती वेगळीच. यीस्टला ऑक्सिजन लागतो तो अगदी सुरुवातीला. पुढे आत गेलेली हवा मुरत राहते आणि काही आठवड्यांनी बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. नमुना पिऊन टाका, नाहीतर मोरीत ओता. वीस लिटरमधल्या दीडशे मिलीने कोणी भिकेला लागत नाही. मात्र रोज काढाल तर पाच दिवसांत ६५० मिलीच्या बाटलीहून जास्त बिअर नळीतच संपेल.

झाकण सारखं उघडणारे याच जातीचे. सहकारनगरच्या एका मित्राची आई त्याला एकदा म्हणाली, "अरे, विरजण लावलं की भांडं हलवत नाहीत, एवढं तरी माझ्याकडे बघून शिकायचंस." काकूंनी बिअर जन्मात चाखलेली नाही, पण मुद्दा बरोबर होता. मी यीस्ट टाकण्याआधी एकदा नमुना घेतो आणि मग एअरलॉकचे (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे मंदावेपर्यंत बादलीकडे फिरकत नाही. तळाला नळ असलेला फर्मेंटर घ्या, म्हणजे झाकणाला हातच लागत नाही. नमुना काढण्याआधी आणि नंतर नळाच्या तोंडावर सॅनिटायझर फवारायचा.

दुसरी चूक कच्च्या बिअरवर निकाल देण्याची. कोथरूडच्या एका मित्राने गव्हाची बिअर लावली होती. चौथ्या दिवशी चव घेतली, तर हिरव्या सफरचंदासारखी. याने इंटरनेटवर काहीतरी अर्धवट वाचलं, 'इन्फेक्शन' असा शेरा मारला आणि अख्खी बादली बाथरूममध्ये रिकामी केली. मला फोन केला तो त्यानंतर! मी गेलो तेव्हा तळाशी पेलाभर गाळ उरला होता. वास घेतला. आंबूस नाही, व्हिनेगर नाही, नुसतं कच्चं सफरचंद. वहीत त्याच दिवशीचं रीडिंग लिहिलेलं होतं, १.०२४. सुरुवात १.०५० ची, आणि साखर संपत जाते तसा हा आकडा १ च्या जवळ उतरतो. म्हणजे यीस्टचं काम अर्ध्यावर होतं. तो वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. साखरेचं अल्कोहोल होताना मधल्या टप्प्यावर ते तयार होतं आणि पुढे यीस्टच त्याची विल्हेवाट लावतं. आठवडाभर गप्प बसला असता तर बहुतेक चांगली बिअर प्यायला असता. त्याला मी तेच सांगितलं, जरा जास्तच वेळ सांगितलं.

लोण्यासारखी चव आणि सडक्या अंड्याचा वास हेही बहुतेकदा वेळ दिला की जातात. जात नाही तो नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आणि घशाला लागणारी जळजळ. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत बादली ठेवली की हे होणारच. साध्या एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टला १८ ते २२ अंश लागतात आणि आपली खोली तिशी ओलांडून बसलेली असते. बादली पाण्याच्या टबात ठेवा, बर्फाच्या बाटल्या बदलत राहा, तेवढा कंटाळा असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. दवाखान्यासारखा, बँडेजच्या पट्टीसारखा वास आला तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या. तोही जात नाही.

मिसळ खाऊन चव घेऊ नका. चहा, बडीशेप, टूथपेस्ट, सगळं त्यातच आलं.

कोमट आणि गॅस नसलेला नमुना बाटलीतल्या थंड बिअरसारखा लागणार नाही. "पाणचट लागतेय" म्हणून मधेच साखर घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

बुरशीची रंगीत लव दिसली तर चाखायचंच नाही, फेकून द्यायचं.

हायड्रोमीटरचा आकडा बघण्याआधी जीभ लावू नका. नमुना दोन पेल्यांत वरखाली करून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि रीडिंग जास्त दिसतं. बरेच हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात. ३२ अंशांच्या नमुन्यात आकडा साधारण ०.००३ ने कमी येतो, तेवढे मिळवायचे.

आणि "गोड लागत नाही, म्हणजे झाली" असं म्हणून बाटल्या भरू नका. हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडूपणाखाली उरलेली साखर जिभेला कळत नाही, ती बाटलीत आंबत राहते आणि काच फुटते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने सारखंच रीडिंग आलं तरच भरायला घ्या. मी प्रत्येक वेळी एक बाटली सोड्याची प्लास्टिकची भरतो. ती दाबून बघितली की आत किती गॅस झालाय ते कळतं. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये जातात.